मोकळी जागा : चौकशी आत करावी

माणसाला स्वतःचं टेबल असावं आणि त्या टेबलाला खिडकी असावी, याहून जास्त काही चंद्रहास पेडणेकरांनी आयुष्याकडे मागितलं नव्हतं. टेबलाची मागणी आयुष्यानं लवकर मान्य केली. फोर्टातल्या एका कंपनीत त्यांना टेबल मिळालं, ते नेमकं पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारासमोर. दाराला स्प्रिंग होती आणि वरच्या भागाला लाकडी जाळी. नोकरीची सगळी वर्षं पेडणेकरांनी त्या जाळीकडे तोंड करून काढली. आत जाणारा घाईत असे, बाहेर येणारा समाधानात असे, आणि दोघंही जाता-येता पेडणेकरांना "काय, कसं काय?" असं विचारत. या प्रश्नाला तिथे बसून काय उत्तर द्यायचं, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पुढे कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा पहिला अर्ज त्यांचाच गेला. साहेबांनी कारण विचारलं. पेडणेकर म्हणाले, "हवापालट."

खिडकीची मागणी वसईत मंजूर झाली. उमेळ्याच्या रस्त्याला वाड्या तोडून इमारती उठत होत्या, त्यातल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावरचा गाळा तिघांनी मिळून घेतला. पापडीचा फर्डिनंड तुस्कानो विमानाची तिकिटं आणि पासपोर्टची कामं करी. आगाशीची रचना चुरी वधू-वर सूचक केंद्र चालवी. पेडणेकरांनी विम्याची एजन्सी घेतली होती. पुढे त्यांच्यात मितेश येऊन मिळाला. तो जागांचा दलाल. त्याला टेबल नव्हतं, दोन मोबाइल होते. त्यामुळे तो कुठेही बसे आणि शोधायला गेलं की कुठेच नसे.

खिडकीजवळचं टेबल पेडणेकरांनी पहिल्याच दिवशी पिशवी ठेवून अडवलं. खिडकीखाली व्हेरोनिकाबायची वाडी होती. केळी होत्या, नारळ होते, आणि मधोमध बावखल होतं. बावखलाला डबकं म्हणाल तर वसईकर अंगावर येईल, आणि तळं म्हणाल तर बावखलच लाजेल. पावसाचं पाणी धरून ठेवायचं आणि वर्षभर वाडीला पाजायचं, एवढंच त्याचं काम. काठच्या बांबूवर एक खंड्या येऊन बसे. पेडणेकर चहाचा कप हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहत. खंड्या पाण्याकडे बघे, पेडणेकर खंड्याकडे बघत, आणि त्या वेळात जगात कुणाचा विमा उतरला नाही तरी काही बिघडत नसे.

त्याच सुमाराला व्हेरोनिकाबाय पाणी काढायला काठावर येई. पेडणेकर वरून कप उचलत, ती खालून कोयता उचली. एवढाच त्यांचा परिचय. एकदा मात्र ती केळ्यांची फणी घेऊन जिना चढून वर आली. फणी टेबलावर ठेवून म्हणाली, "तो तुमचा मितेश रोज विचारतो, वाडी देनार का म्हनून. पोरगाबी फोनवर तेच सांगतो, दे म्हनून. मी म्हनते, वरचा मानूस रोज बघतो. कोनी बघतंय तवर राहू दे."

पेडणेकरांनी फणी दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतली. आपल्या नुसत्या बघण्यामुळे कुणाचं काही टिकून आहे, हे त्यांना कंपनीत कधी कुणी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी ही गोष्ट मीराताईंना दोनदा सांगितली. मीराताई म्हणाल्या, "अहो, मग घरातल्या माणसांकडेही बघत जा अधूनमधून. आम्हीही टिकू."

आता हे असं सुरळीत चाललेलं असताना माणसानं गप्प बसावं की नाही? पण सुखात असलेल्या माणसाला सुधारणा सुचते, हा नियमच आहे. विम्यासाठी आलेला एक तरुण हप्ता ठरवता ठरवता उठला आणि स्टेशनजवळच्या काचेच्या ऑफिसात गेला. जाताना बोलून गेला की, तुमच्याकडे आलं की तलाठ्याकडे आल्यासारखं वाटतं. हे वाक्य पेडणेकरांना लागलं. त्यांनी चौघांची बैठक बोलावली, ऑफिसचं अंतर्गत रूप काळानुरूप विचारपूर्वक बदलण्याचा ठराव मांडला, आणि 'अंतर्गत सजावट उपसमिती' स्थापन करून तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. मुख्य समिती कुठे आहे, असं फर्डिनंडनं विचारलं. ती नव्हती, पण उपसमिती म्हटलं की कामाला वजन येतं, असा पेडणेकरांचा कंपनीतला अनुभव होता.

उपसमितीनं काम कुणाला द्यायचं हेही अध्यक्षांनीच ठरवलं. त्यांच्या बहिणीची मुलगी आर्या पुण्याहून इंटिरियरचा कोर्स करून नुकतीच परतली होती. बाहेरच्यापेक्षा घरची मुलगी बरी, आपलं मन जाणेल, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हात दाखवताना कुणाला ते कळत नाही.

आर्या आली ती मोजपट्टी न घेता आली. आधी ती प्रत्येकाच्या खुर्चीत डोळे मिटून बसली. मग फर्डिनंडला तिनं विचारलं की, इथे बसल्यावर तुम्हाला आतून काय वाटतं? फर्डिनंडनं प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं की पंखा एकनं वाढवावा असं वाटतं. तिनं ते लिहून घेतलं. लोखंडी कपाटांकडे बघून तिला गुदमरल्यासारखं झालं. भिंतीवरची तीन कॅलेंडरं तिनं उलटी करून ठेवली. शेवटी ती पेडणेकरांच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली, आणि खालच्या बावखलाकडे बघत राहिली. पेडणेकरांना भरून आलं. पोरीला कळलं, असं त्यांना वाटलं.

पोरीला खरंच कळलं होतं. तिनं आणलेल्या आराखड्यात म्हटलं होतं की, उजेड ही सामूहिक संपत्ती असून तिच्यावर कुणा एकाची मक्तेदारी असणं न्याय्य नाही. पेडणेकर कंपनीत युनियनचे सहचिटणीस होते. सामूहिक, न्याय्य, मक्तेदारी हे शब्द कानावर पडले की त्यांची मान आपोआप हलू लागे. ती हलत असतानाच त्यांनी कलमं वाचली आणि एकेका कलमाला अनुमोदन दिलं. त्यातलं एक कलम होतं, 'खिडकीसमोरील अडथळा दूर करणे'. तो अडथळा म्हणजे आपण, हे त्यांना सही करून जिना उतरताना कळलं.

परत वर जाऊन काही बोलावं, तर अध्यक्षच आपली खुर्ची वाचवायला बघतात असं झालं असतं. त्यातून आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरी त्यांनी विषय काढला तेव्हा मीराताई फक्त "घरची मुलगी" एवढंच म्हणाल्या आणि भाजी वाढू लागल्या.

नवं ऑफिस झालं, आणि ते सुंदर झालं हे मान्य करायला हवं. टेबलं गेली. त्यांच्या जागी एकच लांबलचक टेबल आलं, त्याचा आकार मूत्रपिंडासारखा होता. कुणाची जागा ठरलेली नाही, ज्यानं त्यानं रोज मनाला येईल तिथे बसावं, म्हणजे विचारांची देवाणघेवाण होते, असं आर्यानं समजावलं. देवाणघेवाण पहिल्याच आठवड्यात झाली. रचना एका मुलीच्या आईला स्थळ सांगत होती. मुलगा दुबईला, मोठ्या हुद्द्यावर, एवढं ती बोलते न बोलते तोच शेजारून फर्डिनंड मान वर न करता म्हणाला की, तो अजून आगाशीतच आहे, व्हिसा परत आलाय त्याचा. पेडणेकरांच्याही तोंडून निघून गेलं की, त्याची पॉलिसीसुद्धा बंद पडलीय. मुलीची आई उठून गेली. रचना दोन दिवस दोघांशी बोलली नाही, पण बसायला दुसरी जागाच नसल्यामुळे तिला दोघांच्या मधोमध बसूनच अबोला धरावा लागला.

कपाटं भिंतीत गेली. त्यांना कड्या नव्हत्या, दार कुठे आणि भिंत कुठे हे कळू नये हीच त्यातली खुबी होती. ती इतकी साधली की एका गिऱ्हाइकाचा पासपोर्ट काढायला फर्डिनंड सकाळी भिंत दाबत सुटला आणि दुपारी पेडणेकर त्याच्या मदतीला गेले. विमान वेळेवर गेलं, गिऱ्हाईक गेलं नाही. बाकाच्या जागी आतून मऊ दाणे भरलेली मोठी गादीवजा पिशवी आली. तीत मुलाचे वडील एकदा बसले की गुडघे कानाशी येत, आणि हात दिल्याशिवाय उठता येत नसे. रचना त्यावर मात्र खूश होती. मुलाकडच्यांना जरा खाली बसवणारं हे वसईतलं पहिलं फर्निचर, असं ती म्हणे.

आणि खिडकीसमोर, जिथे पेडणेकरांचं टेबल होतं तिथे, काहीच नव्हतं. करड्या रंगाचं कार्पेट आणि त्यावर उजेड, बस्स. पेडणेकर टेबलाच्या ज्या कडेला बसत तिथून खिडकी दिसे, पण खिडकीतलं काही दिसत नसे. त्यांनी मनाची समजूत घातली की, चहाच्या वेळी उठून जाता येईल. पहिल्या दिवशी ते कप घेऊन तिथे जाऊन उभेही राहिले. पण भर ऑफिसात, चार माणसं काम करत असताना, मधोमध नुसतं उभं राहून बघत बसणं त्यांना नोकरीत मुरलेल्या माणसाला शोभेसं वाटेना. टेबलाशी बसून बाहेर बघितलं तर तो विचार असतो. उभं राहून बघितलं तर तो रिकामटेकडेपणा होतो.

तेवढ्यात त्या जागेवर एक छत्री येऊन पडली. छत्रीच्या सोबतीला मितेशचं हेल्मेट आलं. फर्डिनंडच्या गल्फला निघालेल्या गिऱ्हाइकांच्या बॅगा आल्या, रचनाच्या जुन्या फोटोंचे खोके आले, कुठल्यातरी मंडळाचा मांडवाचा पडदा आला. वसई-विरारात एखादी जागा आठवडाभर मोकळी राहिली तर तिच्यात काहीतरी दोष असणार असं लोक धरून चालतात. आर्या पाहणीला आली आणि रडवेली झाली. पेडणेकरांनी तिला समजावलं की, जागा रिकामीच होती, म्हणून ठेवलं लोकांनी.

"मामा, ती रिकामी नव्हती," आर्या म्हणाली. "ती मोकळी होती."

हा फरक पेडणेकरांना त्या दिवशी प्रथम कळला. रिकामी म्हणजे जिथे काही नाही ती. मोकळी म्हणजे जिथे विचारपूर्वक काही नाही ती. ही गोष्ट जनतेच्या लक्षात आणून द्यायला हवी, असं अध्यक्षांच्या मनानं घेतलं. पत्र्याचा फलक लावूया, असं ते म्हणाले. पत्रा हा शब्द ऐकून आर्याला पुन्हा गुदमरल्यासारखं झालं. तडजोड म्हणून दुधी रंगाची अक्षरं खिडकीच्या काचेवर, आतून वाचता येतील अशी चिकटवायचं ठरलं. खिडकीकडे पाहिलं की बाहेरच्या केळींवर आणि बावखलावर ठळक अक्षरं दिसत : मोकळी जागा.

आता यात पेडणेकरांचा दोष नाही, दोष मराठीचा आहे. जागा या एका शब्दात आपण घर कोंबलं, जमीन कोंबली, नोकरी कोंबली, आणि वर ती मोकळी आहे असं काचेवर लिहिलं. तेही कुठे, तर वसईत. इथे जागेची बातमी पसरायला फलक रस्त्याकडे असावा लागत नाही. दुसऱ्याच दिवशी विरारहून एक दलाल आला. त्यानं पायानं जागा दाबून, नजरेनं चौरस फूट मोजत विचारलं, "कार्पेट किती?"

"संपूर्ण आहे," पेडणेकर अभिमानानं म्हणाले. "परवाच टाकलं."

दलाल निघून गेला तो दहा जणांना सांगायला. एक जण टेप घेऊन मोजणीला आला, एक जण पागडी आहे का विचारायला आला. एक वडील मुलाच्या मार्कलिस्टा घेऊन आले आणि म्हणाले की, तुमच्याकडे जागा निघाली आहे असं कळलं, पोराला चिकटवून घ्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पेडणेकर प्रत्येकाला नम्रपणे सांगत की, ही जागा मोकळी आहे, पण द्यायची नाही. ऐकणारा डोळा बारीक करून विचारी की, म्हणजे कुणाला देऊन ठेवली आहे?

अखेर पेडणेकरांनी त्यांच्या हातातलं अस्त्र काढलं. परिपत्रक. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, कार्यालयातील मोकळी जागा ही मोकळी असली तरी रिकामी नाही. सबब ती कोणासही देता अथवा घेता येणार नाही, तसेच तिच्यात उभे राहून तिच्याविषयी चौकशी करता येणार नाही.' परिपत्रक वाचून लोकांनी रास्त प्रश्न केला की, मग चौकशी उभं राहून कुठे करायची? तेव्हा मोकळ्या जागेच्या कडेला चौकशीसाठी एक बाक आला. बाकावर भांडणं होऊ लागली म्हणून क्रमांकाचे बिल्ले आले. ज्यांना खरोखरच घर किंवा जमीन हवी होती त्यांना मितेशकडे पाठवायचं, बाकीच्यांना नकार द्यायचा, असं ठरलं. आणि नकार देण्यासाठी एका जबाबदार माणसाची आवश्यकता आहे, असं मितेशनंच सुचवलं. जबाबदार म्हटल्यावर सगळ्यांनी पेडणेकरांकडे बघितलं.

जबाबदार माणसाला टेबल लागतं. टेबल चौकशीच्या बाकासमोर लागतं. बाक मोकळ्या जागेच्या कडेला होता. सबब टेबल मोकळ्या जागेत, खिडकीपाशी टाकायचं ठरलं.

हे ऐकून पेडणेकर त्या दिवशी घरी जाताना वसईच्या सुकवलेल्या केळ्यांचं, सुकेळ्यांचं पाकीट घेऊन गेले. उपसमिती, परिपत्रक, बिल्ले या मार्गानं का होईना, पण त्यांची खिडकी त्यांना परत मिळाली होती. प्रशासनाला लोक उगाच नावं ठेवतात, धीर धरला तर प्रशासन माणसाला जिथल्या तिथे आणून बसवतं, असं त्यांनी मीराताईंना ऐकवलं.

सकाळी गेले तर खुर्ची खिडकीकडे पाठ करून मांडलेली. आर्या म्हणाली, "मामा, सेवा देणाऱ्यानं लोकांकडे तोंड करून बसावं ना." यात चुकीचं काहीच नव्हतं. पेडणेकर बसले. डोक्यामागे काचेवर 'मोकळी जागा' आणि खाली ते, अशा स्थितीत त्यांना पाहिलं की आलेल्याला आपण योग्य ठिकाणी आलो हे कळे.

पहिल्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मान वळवली. खाली व्हेरोनिकाबाय काठावर उभी होती, वरच बघत होती. ते कप उचलणार तोच बाकावरून कुणीतरी विचारलं, "साहेब, कार्पेट?" दुसऱ्या दिवशी मान वळवायची राहून गेली. मग चहा समोर निवू लागला. आणि खरं सांगायचं तर पेडणेकरांना ते आवडू लागलं. कंपनीत त्यांना विचारण्यासारखं एकच होतं, आत कुणी आहे का. इथे माणसं बिल्ला हातात धरून वाट बघत होती, आणि नाही म्हणायचा अधिकार त्यांच्याकडे होता. नकार देण्याची त्यांनी एक ठरावीक लय बसवली. विमा कधी मागे पडला ते त्यांनाही कळलं नाही. एका रात्री जेवताना मीराताईंनी सहज विचारलं की, तुमचा खंड्या कसा आहे? पेडणेकर म्हणाले, "कोण खंड्या? बिल्ला घेतलाय का त्यानं?"

मीराताई हसल्या नाहीत. त्यांनी पोळी वाढली आणि विषय बदलला.

आणि मग तो सोमवार आला. बाकावर गर्दी होती. पेडणेकर खाली मान घालून परिपत्रकाची सुधारित आवृत्ती लिहीत होते. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं, बिल्ला टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"मोकळ्या जागेचं विचाराचं होतं," आवाज म्हणाला.

पेडणेकरांनी मान वर केली नाही. "विकण्या-घेण्याचं मितेशभाईंकडे. पुढचे."

"विकाचं की नाय तेच तर तुमाला विचारते. तुमी सांगाल तसं करीन."

"नियम सर्वांना सारखा आहे, बाई," पेडणेकर लिहिता लिहिता म्हणाले. "मितेशभाईंकडे. पुढचे."

चपलांचा आवाज जिन्याकडे गेला. मग पुढचा आला. त्याला पोराला चिकटवायचं होतं. संध्याकाळी आवराआवर करताना पेडणेकरांना टेबलाच्या कडेला केळ्यांची एक फणी दिसली. कुणीतरी विसरून गेलं असणार. लोकांना मोकळ्या जागेची किंमतच नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी परिपत्रकात आणखी एक ओळ वाढवली : 'मोकळ्या जागेत खाद्यपदार्थ ठेवू नयेत.' केळी चौघांत वाटून घेतली. चवीची होती.

पुढे बाहेर ट्रक वाजू लागले. वसईत ट्रक वाजणं म्हणजे काही बातमी नव्हे. काचेवर धूळ बसू लागली तशी आर्यानं ती आठवड्यातून एकदा पुसायचा नियम केला. पेडणेकरांना पहिली शंका आली ती उजेडामुळे. लिहिताना कागदावर मागच्या नारळाच्या झावळ्यांची हलती सावली पडत असे, ती एके दिवशी पडेना. मानेवर ऊन लागू लागलं म्हणून ते उठले आणि कितीतरी दिवसांनी वळले.

बावखल नव्हतं. होतं तिथे लाल मातीचा आणि विटांच्या तुकड्यांचा भराव होता. केळी नव्हत्या. नारळांची खोडं रस्त्याकडेला आडवी घातली होती. बांबू होता, त्याला मोजणीची दोरी बांधली होती. आणि या सगळ्यावर दुधी अक्षरं होती, मोकळी जागा. आता ती अगदी बरोबर बसली होती.

पेडणेकरांनी रुमालानं काच पुसून पाहिली. मग त्यांनी फर्डिनंडला विचारलं. फर्डिनंडला वाटत होतं की त्यांना ठाऊक आहे.

"व्हेरोनिका मावशी लेकीकडे गेली राहायला, निर्मळ गावाला," तो म्हणाला. "तुलाच विचारायला आली होती ना ती? मी इथेच होतो. तू मितेशकडे पाठवलंस."

"मी?"

"तू. मावशी जिन्यात मला म्हणाली, त्यानं वर बघितलंपन नाय."

मितेशवर ओरडावं असं पेडणेकरांना वाटलं, पण मितेशचा चेहरा इतका निर्मळ होता की ओरडायला जागा नव्हती. तो म्हणाला, "काका, इतकी वर्षं मी मागे लागलो, बाईनं दाद दिली नाही. तुम्ही एका वाक्यात करून दिलंत." आणि त्यानं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. पेडणेकरांना रडू येत होतं. पेढा हातात असताना रडणाऱ्या माणसाला लोक आनंदाश्रू म्हणतात, तसं त्या दिवशी ऑफिसात सगळे म्हणाले.

इमारत उठली. तिचं नाव 'बावखल रेसिडेन्सी' ठेवलं. ज्याला पुरलं त्याचंच नाव दारावर लावायची आपल्याकडे पद्धत आहे, निदान आठवण तरी राहते. आजूबाजूला विकायला एकही मोकळी जागा न राहिल्यानं चौकशा थांबल्या. बाक गेला, बिल्ले गेले. जबाबदारी संपल्यामुळे खुर्ची हवी तशी फिरवायला पेडणेकरांना आता कुणाचा ठराव नको होता. एका रविवारी सकाळी चहा आल्यावर त्यांनी ती खिडकीकडे तोंड करून मांडली, आणि बसले.

समोर हाताच्या अंतरावर नव्या इमारतीची भिंत होती. भिंतीत, बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर, सिमेंटच्या पट्ट्यांची एक जाळी होती. जाळीमागे कुणीतरी घाईनं गेलं. थोड्या वेळानं पाणी सोडल्याचा आवाज आला, आणि मग एक समाधानाचा खोकला. पेडणेकरांना तो खोकला ओळखीचा वाटला. कुठे ऐकला होता ते आठवायची गरज नव्हती. इतके दिवस लोकांना जागा नाकारणाऱ्या माणसाला कुणीतरी त्याची जागा दाखवली होती, एवढंच. ते कप हातात धरून बसून राहिले, आणि सवयीनं त्यांनी तो उचलला.

त्या जाळीला लागूनच नव्या फ्लॅटच्या हॉलची खिडकी होती. पहिल्या मजल्यावरचा तो सॅम्पल फ्लॅट. आतलं काम आर्यानंच केलं होतं, फार विचारपूर्वक; हॉलमध्ये खिडकीसमोर तिनं करडं कार्पेट टाकून जागा मोकळी ठेवली होती. त्या रविवारी तुम्हीही तो फ्लॅट बघायला आला होतात, आठवतंय? नळ सोडून पाहिलेत, लिफ्टचं विचारलंत, कार्पेट किती ते दोनदा विचारलंत. इथे आधी काय होतं, ते तेवढं विचारायचं राहिलं. मग तुम्ही त्या खिडकीत येऊन उभे राहिलात. समोरच्या काचेमागे एक म्हातारासा माणूस तुमच्याकडे बघत चहाचा कप वर धरून बसलेला तुम्हाला दिसला. तुम्ही जरा मागे सरकलात आणि बायकोला म्हणालात, बाकी सगळं ठीक आहे, पण इथे जाड पडदा लावावा लागेल.